पूल वर असताना

डुलुथ गावात वकिली करणं
म्हणजे निम्मा जन्म गाडीत बसून पुलाकडे बघणं.
आमची वस्ती वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर,
कोर्ट पलीकडे, टेकडीच्या पोटाशी,
आणि मधला हा लोखंडी पूल जहाज आलं
की माणसांना न विचारता सबंध वर जातो.
शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात;
आमच्याकडे ती जबाबदारी पुलानं घेतलीय.

असाच तो वर होता, म्हणून मला सभेला उशीर झाला.
पोचले तेव्हा टाळ्या चालू होत्या.
वाटलं, कुणीतरी निवृत्त होतंय. मीही वाजवल्या,
चांगल्या जोरात वाजवल्या,
मग कळलं, जिल्हा वकील संघाची नवी अध्यक्ष मी.
गैरहजेरीत निकाल. एकतर्फी. अपील नाही.

आधीच घरचं झालं थोडं,
त्यात हे व्याह्यानं धाडलेलं घोडं.

माझे अधिकार असे:
एक लाकडी हातोडी, तिचा दांडा निसटतो.
वार्षिक जेवणाचं सूप निवडणं,
मागच्या वर्षीच्या सुपावरून दोघे अजून बोलत नाहीत.
आणि दर महिन्याला 'अध्यक्षांचे चार शब्द'.
चार म्हणतात, मागतात सहाशे.

घरी मात्र मी कशाचीच अध्यक्ष नाही.
नवरा, आर्वो, बर्फ फेकायची यंत्रं दुरुस्त करतो.
काय बिघडलंय ते पंधरा मिनिटांत सांगतो गिऱ्हाइकाला.
मला विचारतो, "तू अशिलाला किती वर्षांत सांगतेस?"
लेक तूली, नऊ वर्षांची, जेवताना उलटतपासणी घेते:
"लवकर येते म्हणालीस. लवकर म्हणजे किती वाजता?
हो किंवा नाही, एवढंच सांग."
"किती वाजता, याचं उत्तर हो किंवा नाही कसं देऊ?"
"साक्षीदार टाळाटाळ करतेय," ती बापाला सांगते,
आणि बाप, तो फितूर, तिला आणखी एक बटाटा वाढतो.

परवा नोव्हेंबरच्या बोचऱ्या सकाळी
मोरो विरुद्ध लाहती, तीन वर्षांचं भिजत घोंगडं.
म्हाताऱ्या एइनो लाहतींच्या सौनाचा धूर
शेजारच्या डेल्फीनबाईंच्या वाळत्या चादरींवर जातो.
फाइल एव्हाना सौनाएवढी झालीय.
निघाले, आणि पूल वर.
खनिज वाहणारं जहाज, हजार फुटांचं, घाई नावाला नाही.

मागे बघते तर रांगेत एइनो. त्यांच्यामागे डेल्फीनबाई.
पुढे त्यांचे वकील ओरुर्क,
आणि सगळ्यांच्या पुढे न्यायाधीश फॉस,
काचा बंद, नजर सरोवरावर,
आम्हाला पाहिलेलं नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

ओरुर्क थर्मास घेऊन उतरले. मी उतरले.
एइनो उतरले, त्यांच्या गाडीत हीटर चालत नाही.
डेल्फीनबाई उतरल्या, कॉफी कुणाकुणाला मिळतेय ते बघायला.
झाकणं दोन, माणसं चार,
आणि वारा असा, की हरकत घ्यायला तोंड उघडवेना.
एइनो म्हणाले, "धुराडं दोन फूट वाढवलं तर?"
बाई म्हणाल्या, "तीन."
मग बराच वेळ नुसतं जहाजच जात राहिलं.
मग बाई म्हणाल्या, हळू, "आणि गुरुवारी सौना मला."

तीन वर्षांत, एकाही अर्जात,
त्यांना थंडी वाजते असं कुणी लिहिलं नव्हतं.

जहाजानं भोंगा दिला, एक लांब, दोन आखूड.
पुलानं तसाच परत केला.
न्यायाधीशांची काच दोन बोटं खाली आली.
"मला काही ऐकू आलं का?"
"नाही, साहेब."
"छान. मग ते लेखी आणा."

रात्री पत्रिकेसाठी बसले.
'नेतृत्व म्हणजे' लिहिलं आणि तिथंच अडकले.
डोळ्यांसमोर पुलावरच्या खोलीतला माणूस,
नावही ठाऊक नाही मला त्याचं,
चौघांना वीस मिनिटं त्यानं कुठे जाऊ दिलं नाही, बस.
खोडलं ते.
लिहिलं: सूप यंदा वाटाण्याचं.

तूली पाठीमागून डोकावली. "लवकर म्हणालीस."
"गुन्हा कबूल," म्हटलं, आणि दिवा मालवला.
पाचशे सत्त्याण्णव शब्द बाकी आहेत.